लहान विमान, मोठे विमान



खते, बियाणे आणि फवारणी यांवर लिहिणारा माणूस आज विमानावर काय लिहिणार, असे तुम्हांला वाटेल. पण गेल्या सात-आठ वर्षांत शिवारात फिरताना मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्यावर एकदा नीट लिहावे असे ठरवले. कुणाचा मुलगा हैदराबादला नोकरीला असतो, कुणाची लेक बंगळुरूला दिलेली असते, कुणाला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळालेली असते. शेजारच्या शहरातून विमान सुटते हे त्यांना ठाऊक असते. पण लगेच पुढचा सवाल येतो, "सायेब, ते पंख्याचं बारकं विमान हाय म्हणं. त्यात बसावं का? मोठ्या विमानासारखं ते भरवशाचं असतं का?"

मी काही वैमानिक नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. कृषी झालो आणि आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेला विस्तार अधिकारी आहे. पण यंत्र घेताना त्याचा आकार न पाहता त्याची देखभाल, त्याचा चालक आणि सुटे भाग पाहावेत, हे मी तुम्हांला तीस वर्षे सांगत आलो. तोच न्याय विमानाला लावून काय दिसते ते सांगतो.

आधी ही लहान विमाने आपल्याकडे आली कशी ते पाहू. लहान गावांना जोडण्यासाठी सरकारने १९८१ साली 'वायुदूत' ही कंपनी काढली होती. ती तोट्यात गेली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढे 'उडान' योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर तिचा आरंभ झाला आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गालाही प्रारंभ झाला. तासाभराच्या प्रवासाला, विमानातल्या निम्म्या जागांपुरते, २,५०० रुपयांच्या आसपास भाडे बांधून दिले होते आणि कंपनीला येणारी तूट सरकार काही वर्षे भरून देणार होते. धोतर-टोपीतला माणूस विमानाच्या रांगेत उभा राहिला तो या योजनेमुळे.

या मार्गांवर बहुधा 'एटीआर ७२' नावाचे विमान असते. त्यात सत्तरएक माणसे बसतात. मोठ्या मार्गांवरच्या 'एअरबस ३२०' मध्ये १८० च्या घरात बसतात. एटीआरला बाहेरून पंखे दिसतात, म्हणून लोकांना ते जुनाट वाटते. वास्तविक त्याच्या आतही जेट विमानासारखेच टर्बाइन असते. फरक एवढाच की, त्या टर्बाइनची ताकद गिअरमधून पंख्याला दिलेली असते. ट्रॅक्टरचे इंजिन तेच, पण पीटीओवर रोटाव्हेटर जोडावा, तसे म्हणा ना! जवळच्या पल्ल्याला पंख्याचे विमान इंधन कमी खाते आणि सुमारे १३०० मीटरच्या धावपट्टीवरूनही उडू शकते. लहान गावाला ते परवडते ते यामुळे. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटर, तर मोठ्या विमानाचा ८०० च्या वर. पण तासाभराच्या वाटेला यात दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडतो.

आता सेवेचा भाग सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये आमच्या भागातले नऊ हळद उत्पादक स्वखर्चाने तमिळनाडूतल्या इरोडचा हळदीचा बाजार पाहायला निघाले. मीही रजा टाकून बरोबर गेलो. नांदेड ते हैदराबाद लहान विमान आणि हैदराबाद ते कोइमतूर मोठे विमान. एकाच दिवशी दोन्ही अनुभवायला मिळाली, म्हणून तुलना डोक्यात पक्की बसली.

लहान विमानाला मागच्या बाजूने चार पायऱ्या चढून आत जावे लागते, कारण पुढच्या भागात सामान भरतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या असतात. त्यामुळे मधल्या खुर्चीत अंग चोरून बसायची पाळी कुणावर येत नाही. डोक्यावरचे कप्पे मात्र लहान. आमच्यातल्या दोघांच्या फुगलेल्या पिशव्या शिडीपाशीच काढून घेतल्या आणि उतरल्यावर परत दिल्या. आत हवाई सेविका दोनच होत्या. हा काही काटकसरीचा प्रकार नव्हे. ५० खुर्च्यांमागे एक असा नियमच आहे, म्हणून ७२ ला दोन आणि १८० ला चार. खायला म्हणाल तर दोन्हीकडे सारखेच. स्वस्त तिकिटाच्या कंपन्यांत लहान काय नि मोठे काय, पाणी मिळते आणि बाकीचे विकत. आमची भाकरी, चटणी आणि धपाटे पिशवीत होतेच. हवाई सेविकेने त्यांना नाक मुरडले नाही, उलट कागदी रुमाल आणून दिले.

लहान विमानात आवाज जास्त होतो. पंख्यांच्या रांगेत बसलात तर कान भणभणतात, मागे बसलात तर कमी. ढगांत शिरले की ते मोठ्या विमानापेक्षा अधिक हलते. पण त्याचा पंख छतावरून गेलेला असतो, त्यामुळे खिडकीखाली सगळी जमीन उघडी दिसते. उड्डाण होताच गोदामाय दिसली. उसाचे हिरवे पट्टे आणि पिवळट पडलेल्या हळदीचे तुकडे दिसले. पुढे मांजरा नदी आडवी आली. आमच्यातले एक सत्तरीचे काका खिडकीला नाक लावून म्हणाले, "आपलं रान वरून इतकं नेटकं दिसतंय, अन् आपण बांधावरून भांडायलोत!" मोठ्या विमानात असे काही घडले नाही. ते तासभर ढगांच्या वर होते आणि काका झोपून गेले.

खरा फरक दिसला तो परतताना. कोइमतूरहून मोठे विमान वेळेवर आले. हैदराबादेत समजले की, नांदेडचे विमान रद्द झाले आहे. कारण 'तांत्रिक'. खिडकीवर एकच तरुण मुलगा होता आणि त्याच्यासमोर साठ-पासष्ट माणसे. दुसरे विमान उद्या आणि त्यातही जागा शिल्लक नाही. चहा-फराळ मिळाला, पण मागितल्यावर. शेवटी पैसे परत करण्याचे लिहून घेतले आणि रात्रीच्या रेल्वेने आम्ही घर गाठले. त्या कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण हे कोणत्याही लहान कंपनीत घडते. ज्याच्या दावणीला आठ बैल आहेत, त्याचा एक बसला तर दुसरा जुंपता येतो. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याची त्या दिवशीची पाळी बुडालीच! मोठ्या मार्गावर संध्याकाळचे दुसरे विमान असते, लहान मार्गावर दिवसाकाठी एकच. सेवेतला मुख्य फरक हा आहे. बाकीचा चहा-बिस्किटांचा फरक गौण.

मोठ्यांकडे हे होतच नाही असे मात्र समजू नका. डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि तेवढे वैमानिक हाताशी नव्हते.

आता ज्या गोष्टीची धास्ती वाटते तिकडे वळू. लहान विमान अधिक पडते का?

मी विद्यार्थी असतानाची एक तारीख माझ्या मनातून जात नाही, १९ ऑक्टोबर १९८८. त्या एकाच दिवशी आपल्या देशात दोन विमाने कोसळली. मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे मोठे बोइंग विमान अहमदाबादजवळ पडले, त्यात १३० हून अधिक माणसे गेली. वायुदूतचे लहान फोकर विमान सिलचरहून गुवाहाटीला उतरताना पडले, त्यात ३४ माणसे गेली. एक मोठे, एक लहान. एक नावाजलेल्या कंपनीचे, एक नवख्या. पण दोन्ही विमाने खराब हवेत, नीट दिसत नसताना, उतरण्याच्या बेतात होती. संकट विमानाचा आकार विचारून आले नव्हते.

पुढची उदाहरणेही तेच सांगतात. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले बोइंग विमान भर पावसात कोळिकोडच्या धावपट्टीवरून पुढे घसरले. २१ माणसे गेली आणि त्यांत आपले मराठी वैमानिक कॅप्टन दीपक साठेही होते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले भले मोठे विमान उडताक्षणीच कोसळले आणि विमानातले व जमिनीवरचे मिळून २६० जीव गेले. ही सगळी मोठी विमाने. उलट बाजूला, १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळात पोखरा येथे एटीआर विमान पडून ७२ माणसे गेली. चौकशीत निघाले की, एक दांडा ओढायच्या ऐवजी दुसराच ओढला गेला आणि दोन्ही पंख्यांचा जोरच गेला. पंखा जुनाट होता म्हणून ते घडले नव्हते, हाताची चूक झाली आणि ती वेळेवर कुणाच्या ध्यानात आली नाही.

आपल्या देशात वैमानिकाचे लायसन्स, वैद्यकीय तपासणी आणि विमानाची देखभाल यांवर एकाच नागरी विमान महासंचालनालयाची देखरेख असते. लहान विमानातही दोन वैमानिक असतात. त्यांनाही ठरावीक मुदतीने पुन्हा परीक्षा द्यावी लागते आणि उड्डाणापूर्वी दारूसाठी श्वासाची तपासणी होते. विमानाची दोन इंजिने असतात, एक बंद पडले तरी दुसऱ्यावर विमान उडत राहून उतरू शकते. तेव्हा लहान विमान म्हणजे रस्त्यावरची काळी-पिवळी आणि मोठे विमान म्हणजे एसटी, असा हिशेब चुकीचा आहे. दोन्ही एसटीच आहेत, एक जलद आणि दुसरी गावोगाव थांबणारी.

पण गावोगाव थांबणाऱ्या गाडीच्या चालकाला अधिक शीण होतो, हेही खरे. बहुतेक अपघात उडताना किंवा उतरताना होतात आणि लहान विमानाचा वैमानिक दिवसातून अधिक वेळा उडतो-उतरतो. लहान विमानतळावर वाट दाखवणारी यंत्रेही मोठ्या विमानतळाइतकी नसतात. म्हणून लहान कंपनीत विश्रांती आणि शिक्षण यांत कसूर झाली तर ती लवकर अंगाशी येते.

याचा धडा अमेरिकेने महाग किंमत देऊन घेतला. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलो शहराजवळ एक पंख्याचे विमान घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. तिकिटावर नाव होते 'कॉन्टिनेन्टल' या मोठ्या कंपनीचे, पण विमान आणि वैमानिक होते 'कोल्गन एअर' या लहान कंपनीचे. वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर विमानाचे नाक खाली करायला हवे होते, कॅप्टनने ते वर ओढले. सहवैमानिक बाई आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर आल्या होत्या. शीण, तोकडा पगार आणि अपुरे शिक्षण, सगळेच बाहेर आले. मृतांच्या नातेवाइकांनी सरकारचा पिच्छा सोडला नाही. २०१० साली कायदा झाला. सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव हवा, विश्रांतीचे नियम कडक हवेत आणि विमान प्रत्यक्षात कोणाचे आहे ते तिकीट विकतानाच सांगितले पाहिजे. त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षे अमेरिकेत प्रवासी विमानाचा तसा मोठा अपघात झाला नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनला लहान मार्गावरचे एक विमान आणि सैन्याचे हेलिकॉप्टर हवेत एकमेकांवर आदळून ६७ जण गेले, तेवढाच तो अपवाद. थोडक्यात, लहान विमान सुरक्षित करता येते. त्यासाठी नियम लागतात आणि ते पाळून घेणारी माणसे लागतात.

आता घरची एक गोष्ट. २०१८ साली माझ्या वहिनीच्या हृदयाची झडप बदलायची ठरली आणि हैदराबादच्या दवाखान्यात तारीख मिळाली. दादांनी जाहीर केले, "लहान विमानात नको. रातची जीप करू, देगलूरमार्गे पहाटे पोचू." मी त्यांना म्हणालो, "दादा, विमान पडलं तर पेपरात पहिल्या पानावर येतं, म्हणून त्याची भीती वाटते. जीप उलटली तर आतल्या पानात चार ओळी येतात." २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. हा आकडा सरकारचाच आहे. भागिले ३६५ केले तर रोजचे ४६० हून अधिक पडतात. म्हणजे दर दिवशी दोन-दोन मोठी विमाने पडावीत तसे! आणि रात्रीचा पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता, डुलक्या खाणारा ड्रायव्हर, समोरून दिवे न लावता येणारी उसाची ट्रॉली हे काय कमी धोक्याचे आहे?

दादा रात्रभर बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, "काढ तिकिटं." आम्ही डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला घेतला, कंपनीला आधी कळवले आणि चाकाच्या खुर्चीची सोय मागितली. शिडीच्या पायऱ्या चढताना दोन कर्मचाऱ्यांनी हात दिला. तासाभरात हैदराबाद आले. वहिनी उतरल्यावर एवढेच म्हणाल्या, "कानात दडे बसले, बाकी धक्का न्हाई." ऑपरेशन झाले आणि आज त्या घरच्या शेळ्या सांभाळतात. विमानामुळे त्या वाचल्या असे मी म्हणणार नाही, त्या डॉक्टरांमुळे वाचल्या. पण नाजूक प्रकृतीच्या बाईला रात्रभर खड्ड्यांतून नेण्याची वेळ आली नाही, हे काही थोडे नाही.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी काय पाहावे? लहान मार्ग अजून चालू आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. 'उडान'चे मार्ग सुरू होतात तसे बंदही पडतात. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ प्रत्यक्ष सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि मार्च २०२३ अखेर त्यांतले ५४ च चालू होते. तेव्हा गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

दुसरे, लहान विमानातून उतरून मोठे पकडायचे असेल तर दोन्ही तिकिटे शक्यतो एकत्रच काढा. वेगवेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटे असली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. सामानही मध्ये उतरवून पुन्हा द्यावे लागते. वेगळीच काढावी लागली तर मध्ये चार-पाच तास ठेवा. ऑपरेशन, परीक्षा किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच पोचा.

तिसरे, आपला हक्क जाणून घ्या. तो लहान-मोठ्या दोन्ही विमानांना सारखाच आहे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून अधिक रखडले तर फराळ-पाणी कंपनीने द्यायचे. सहा तासांहून अधिक रखडले तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, जे तुम्ही मागाल ते. आधी न कळवता रद्द केले तर भरपाई मागता येते. वादळ, धुके अशा कारणांना मात्र भरपाई नाही. मागितल्याशिवाय बऱ्याचदा काही मिळत नाही. म्हणून शांतपणे, पण लेखी मागा.

चौथे, सामान. सुके खोबरे विमानात चालत नाही. विळी, अडकित्ता, चाकू हे हातातल्या पिशवीत नको, वजन करून देण्याच्या सामानात ठेवा. मोबाइलची जादा बॅटरी मात्र हातातच ठेवायची. दिवस गेलेल्या लेकीसुनांना साधारण ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो आणि ३६ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या नेत नाहीत. लहान मुलाला उतरताना पाणी पाजत राहा, म्हणजे कान दुखत नाहीत.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. 'तांत्रिक कारणाने उशीर' असे सांगितले तर सेवेबद्दल जरूर तक्रार करा, पण विमान का सोडत नाही म्हणून त्या खिडकीवरच्या पोराच्या अंगावर धावून जाऊ नका. बिघाड सापडला म्हणून विमान जमिनीवर थांबले, हे तुमच्या भल्याचे आहे. आपण नाही का, ब्रेक लागत नसेल तर उसाची ट्रॉली घाटात घालत नाही! हंगाम खोळंबला तरी चालते, माणूस घरी यावा लागतो. थांबवणारी कंपनी लहान असो की मोठी, त्या दिवशी तिने आपले काम चोख केले असेच समजा आणि तो वेळ घरी फोन करून 'उशीर होईल, काळजी करू नका' एवढे सांगण्यात घालवा.